पुन्हां प्रयत्न करणारीं यंत्रें

‘प्रयत्नांतीं परमेश्वर’ ही म्हण मराठी घरांतील मुलांच्या कानांवर अगदीं लहानपणापासून पडते. हातीं घेतलेलें काम एकदां फसलें तर तें पुन्हां करून पाहावें, पुन्हां फसलें तर आणखी एकदां करावें, हा चिकाटीचा गुण माणसाच्या अंगीं असावा याविषयीं कोणाचें दुमत नाहीं. संगणकाकडून काम करून घेणारे तज्ज्ञ त्याला जी आज्ञावलि लिहून देतात, तींतहि हा गुण मुद्दाम घातलेला असतो. एका यंत्रानें दुसऱ्या यंत्राकडे निरोप पाठविला आणि ठरलेल्या वेळांत उत्तर आलें नाहीं, तर पहिलें यंत्र कोणी न सांगतां तोच निरोप पुन्हां पाठवितें. बँकेच्या व्यवहारांत, आगगाडीचें तिकीट काढतांना, मोबाइलवरून पत्र किंवा छायाचित्र पाठवितांना असे पुनःप्रयत्न दिवसाकाठीं असंख्य वेळां घडत असतात. आणि ते इतक्या गुपचूप घडतात कीं, काम जरा उशिरां झालें एवढेंच वापरणाऱ्याला जाणवतें, आणि पुष्कळदां तेंहि जाणवत नाहीं.

परंतु माणसाची चिकाटी आणि यंत्राची चिकाटी यांत एक मोठा भेद आहे. माणूस थकतो, कंटाळतो, रागावतो आणि मग थांबतो. यंत्राला थकवा ठाऊक नाहीं. त्याला थांबावयास शिकविलें नसेल तर तें एका सेकंदांत शेंकडों वेळां तोच दरवाजा ठोठावील. आणि त्याच क्षणीं तशींच लाखों यंत्रें तोच दरवाजा ठोठावीत असतील, तर आंतल्या यंत्राला दार उघडावयासहि सवड मिळणार नाहीं. म्हणून पुन्हां प्रयत्न करावा कीं नाहीं या प्रश्नाबरोबरच तो केव्हां करावा, किती वेळां करावा आणि कोणत्या कामाचा करावा, या प्रश्नांनाहि संगणकशास्त्रांत मोठें महत्त्व आलें. त्यांचीं उत्तरें गेल्या पन्नास वर्षांच्या अनुभवांतून, आणि कांहीं वेळां चांगलीच ठेच लागून, मिळालेलीं आहेत.

प्रथम अपयश म्हणजे काय तें पाहिलें पाहिजे. एखाद्या गृहस्थानें गांवीं पत्र धाडलें आणि त्याचें उत्तर आलें नाहीं, तर त्याचे तीन अर्थ संभवतात. पत्र वाटेंत गहाळ झालें असेल. पत्र पोंचलें, पण तिकडील मंडळी कामांत असल्यामुळें उत्तर लिहावयाचें राहिलें असेल. किंवा सांगितलेलें काम झालें, उत्तरहि लिहिलें, परंतु तें उत्तरच वाटेंत हरवलें असेल. पत्र धाडणाऱ्याला तिन्ही प्रसंगीं दिसणारी गोष्ट एकच, ती म्हणजे उत्तर नाहीं. संगणकाचीहि नेमकी हीच स्थिति असते. दोन टेंकड्यांवर तळ देऊन बसलेल्या दोन सेनापतींनीं एकाच वेळीं हल्ला करावयाचें ठरविलें, पण मधल्या खोऱ्यांतून जाणारा जासूद केव्हां पकडला जाईल याचा नेम नाहीं, तर दोघांचीहि पूर्ण खात्री कधींच पटूं शकत नाहीं. कारण शेवटच्या निरोपाची पोंच मिळाली कीं नाहीं हा प्रश्न नेहमीं शिल्लकच राहतो. जिम ग्रे या अमेरिकन संगणकतज्ज्ञांनीं १९७८ सालीं या कोड्याला दोन सेनापतींचें नांव दिलें. हें कोडें सुटत नाहीं, हें गणितानें सिद्ध झालेलें आहे. तेव्हां निरुत्तर शांततेंत काय करावें, हें ठरविण्यावांचून यंत्राला गत्यंतर नाहीं.

या अडचणीचा शास्त्रीय विचार ज्या ठिकाणीं झाला, त्यांत पॅसिफिक महासागरांतील हवाई बेटांना मानाचें स्थान आहे. हवाई विद्यापीठाचा संगणक ओआहू बेटावर होनोलुलू येथें होता, आणि दूरच्या ठिकाणांहून, समुद्रापलीकडील बेटांवरूनहि, तो वापरतां यावा असा हेतु होता. प्राध्यापक नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांचे सहकारी यांनीं त्यासाठीं बिनतारी योजना उभारली व १९७१ च्या जून महिन्यांत ती सुरू केली. तिला ‘अलोहा’ असें नांव मिळालें. हवाईच्या भाषेंत हा शब्द भेटीच्या वेळीं आणि निरोप घेतांनाहि उच्चारला जातो. सर्व ठिकाणांहून मध्यवर्ती संगणकाकडे येणाऱ्या निरोपांसाठीं रेडिओची लहर एकच होती. दोन ठिकाणें एकाच क्षणीं बोलूं लागलीं, तर त्यांच्या निरोपांची टक्कर होऊन एकाचेंहि बोलणें समजत नसे.

यावर अब्रॅमसन यांनीं काढलेला तोडगा मोठा साधा होता. कोणाची परवानगी मागावयाची नाहीं. ज्याला बोलावयाचें असेल त्यानें बोलावें. मध्यवर्ती संगणकाकडून पोंच आली तर काम झालें. न आली तर टक्कर झाली असें समजून तोच निरोप पुन्हां पाठवावा. मात्र पुन्हां पाठविण्यापूर्वीं थोडें थांबावें, आणि किती थांबावें हें प्रत्येकानें स्वतंत्रपणें, चिठ्ठ्या टाकून ठरवावें तसें, दैवावर सोडावें. या शेवटच्या अटींतच सारें मर्म आहे. अरुंद बोळांत समोरासमोर आलेले दोन सभ्य गृहस्थ एकमेकांना वाट देण्यासाठीं एकाच बाजूस सरकतात, मग दोघेहि दुसऱ्या बाजूस सरकतात, आणि पुन्हां समोरासमोर येतात. दोघांची सभ्यता सारखी असल्यामुळेंच ही पंचाईत होते. यंत्रें तर एकाच नियमानें चालणारीं. दोघांनींहि टक्करीनंतर बरोबर एक सेकंद थांबावयाचें ठरविलें, तर बरोबर एका सेकंदानंतर त्यांची पुन्हां टक्कर व्हावयाचीच. वाट पाहण्यांत थोडा अनियमितपणा आला म्हणजे दोघांच्या वेळा वेगळ्या होतात व दोघांचेंहि काम पार पडतें.

अब्रॅमसन यांनीं या योजनेचें गणितहि मांडलें. या रीतीनें लहरीचा फार तर शेंकडा १८ भाग सत्कारणीं लागतो. उरलेला टक्करींत आणि रिकामपणांत जातो. घड्याळाच्या ठराविक ठोक्यावरच बोलावयास आरंभ करावा, असा नियम लॉरेन्स रॉबर्ट्स यांनीं १९७२ सालीं सुचविला. त्यानें हें प्रमाण दुप्पट, म्हणजे शेंकडा ३७ च्या जवळपास, जातें. पण या गणितांतून निघालेला दुसरा निष्कर्ष याहून महत्त्वाचा आहे. गर्दी एका मर्यादेपलीकडे गेली म्हणजे जितके प्रयत्न अधिक, तितके पोंचणारे निरोप कमी. प्रत्येक फसलेला प्रयत्न नवा प्रयत्न जन्मास घालतो, तो गर्दींत भर टाकतो, आणि त्या गर्दीमुळें आणखी प्रयत्न फसतात. चिकाटीनें यश वाढतें हा सामान्य अनुभव तेथें उलटा होतो.

रॉबर्ट मेटकाफ या तरुण अभ्यासकानें हार्वर्ड विद्यापीठांतील आपल्या प्रबंधासाठीं अलोहाचा अभ्यास केला. पुढें कॅलिफोर्नियांतील पालो आल्टो येथें झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रांत असतांना, १९७३ च्या मे महिन्यांत, एकाच इमारतींतील संगणक एका तारेनें जोडण्याची ‘ईथरनेट’ नांवाची योजना त्यांनीं कागदावर मांडली, आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या सहकार्यानें ती प्रत्यक्षांत आणली. वाट पाहण्याच्या बाबतींत तींत एक सुंदर सुधारणा होती. पुढें प्रमाण ठरलेल्या ईथरनेटांत पहिल्या टक्करीनंतर यंत्र शून्य किंवा एक यांपैकीं एक आंकडा चिठ्ठी काढल्याप्रमाणें निवडतें व तितके पळभाग थांबतें. दुसऱ्या टक्करीनंतर शून्यापासून तीनपर्यंतच्या आंकड्यांतून निवड होते, तिसरीनंतर शून्यापासून सातपर्यंतच्या. अशा रीतीनें दर टक्करीस निवडीचा आवांका दुप्पट होत दहाव्या टक्करीनंतर तो १,०२४ आंकड्यांवर स्थिर होतो. आणि सोळा प्रयत्न फसले म्हणजे यंत्र हार मानून वरच्या आज्ञावलीला तसें कळवितें. हा एक पळभाग सेकंदाचा सुमारें वीस हजारावा हिस्सा असतो, त्यामुळें हा सारा खेळ डोळ्याचें पातें लवण्याइतक्या वेळांत आटोपतो. यांतील शहाणपण असें कीं, किती जण बोलावयास उत्सुक आहेत हें कोणत्याच यंत्राला ठाऊक नसतें. परंतु लागोपाठ टक्करी होत आहेत यावरून गर्दी मोठी असली पाहिजे, असें तें अनुमान करितें आणि आपण होऊन मागें सरतें.

एका इमारतीच्या तारेवर हा धडा गिरविला गेला, तरी जगभर पसरूं लागलेल्या इंटरनेटला तो पुन्हां शिकावा लागला. दूरदूरच्या संगणकांना जोडणाऱ्या या जाळ्यांत निरोप लहान लहान तुकडे करून पाठविले जातात, आणि पोंच न आलेला तुकडा पुन्हां धाडला जातो. पोंच येण्यास वेळ लागला म्हणजे तुकडा हरवला असें समजावयाचें, अशी साधी रीत होती. तिच्यांतील धोका जॉन नेगल यांनीं १९८४ च्या जानेवारींत लेखी दाखवून दिला होता. १९८६ च्या ऑक्टोबर महिन्यांत तो प्रत्यक्ष अवतरला. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचें बर्कली येथील आवार यांच्यामध्यें अंतर अवघें चारशें यार्ड. पण त्यांच्यामधील दळणवळणाचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आला. आठ बिटांचें एक रोमन अक्षर धरलें, तर सेकंदाला चार हजार अक्षरें जात होतीं तेथें पांच अक्षरें जाऊं लागलीं. कोणतीहि तार तुटली नव्हती, कोणतेंहि यंत्र बिघडलें नव्हतें. वाट तुंबल्यामुळें पोंच येण्यास उशीर होई. उशीर झाल्यामुळें तुकडा हरवला असें समजून यंत्रें तोच तुकडा पुन्हां पाठवीत. आणि मुळांत न हरवलेल्या तुकड्यांच्या या नकलांनीं वाट आणखीच तुंबे. यंत्रांनीं आपापलें कर्तव्य निष्ठेनें बजावलें, आणि त्या निष्ठेनेंच जाळें ठप्प केलें.

व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरल्स यांनीं या रोगाचें निदान करून उपाय शोधले व १९८८ सालीं ते प्रसिद्ध झाले. पोंच येण्यास सरासरीनें किती वेळ लागतो एवढेंच न पाहतां, तो वेळ किती कमीजास्त होतो हेंहि यंत्रानें मोजावें, म्हणजे साध्या उशिराला तें हरवणें समजणार नाहीं. एकाच तुकड्याचा प्रयत्न फसत गेला तर प्रत्येक वेळीं थांबण्याचा काळ दुप्पट करावा. आरंभीं एकच तुकडा पाठवावा आणि पोंच येत जाईल तसतसा जोर वाढवावा. तुकडा हरवल्याचें दिसतांच जोर एकदम कमी करावा. या नियमांच्या मुळाशीं एक नवी दृष्टि होती. हरवलेला तुकडा ही वाटेनें धाडलेली तक्रार आहे, असें यंत्रानें मानावयाचें. आज इंटरनेटवरील निरोप ज्या शिस्तीनें वाहतात, तिचा पाया या नियमांनीं घातला.

आधुनिक व्यवहारांत या प्रश्नाला आणखी एक फांटा फुटला आहे. एक साधें दिसणारें काम आज अनेक यंत्रांच्या हातांतून जातें. दुकानाची आज्ञावलि बँकेच्या आज्ञावलीला विचारते, ती हिशेबाच्या यंत्राला विचारते, आणि तें माहितीच्या कोठारास विचारतें. यांपैकीं पहिल्या तिघांनीं ‘उत्तर न आल्यास एकूण तीनदां प्रयत्न करावा’ असा निरुपद्रवी नियम पाळला, तर कोठार बंद पडतांच एका गिऱ्हाइकाच्या एका मागणीपोटीं त्याच्यावर तीन गुणिले तीन गुणिले तीन, म्हणजे २७ मागण्या येऊन आदळतात. आजारी माणसाला उठून बसतां येऊं नये इतकी समाचाराला येणारांची गर्दी व्हावी, तसा हा प्रकार होतो. म्हणून अशा साखळींतील एकाच कडीनें पुनःप्रयत्न करावा, बाकीच्यांनीं अपयश मुकाट्यानें वर कळवावें, असा दंडक पुष्कळ ठिकाणीं पाळतात. शिवाय घरांतील विजेच्या फ्यूजसारखी एक योजनाहि करतात. मायकेल नायगार्ड यांच्या २००७ सालच्या पुस्तकामुळें ती लोकप्रिय झाली. अपयशांची संख्या ठराविक मर्यादेपलीकडे गेली कीं मागण्या पाठविणेंच कांहीं काळ बंद होतें. मग एखादी मागणी चांचणीदाखल सोडतात, आणि ती सफल झाली तरच मार्ग पुन्हां मोकळा होतो.

अपयशाची जात ओळखणें हाहि याच शास्त्राचा भाग आहे. रेषा क्षणभर तुटली, यंत्र घटकाभर कामांत गुंतलें, अशीं अपयशें तात्पुरतीं असतात व त्यांना थांबून केलेला प्रयत्न लागू पडतो. पण परवलीचा शब्द चुकला असेल, किंवा खात्यांत पैसेच नसतील, तर तीच मागणी शंभरदां केल्यानेंहि उत्तर बदलणार नाहीं. चुकीचा परवलीचा शब्द वारंवार दिल्यास तर खातेंच बंद होतें.

सर्वांत नाजूक प्रश्न उरतो तो तिसऱ्या प्रकारच्या शांततेचा, म्हणजे काम झालें पण उत्तर हरवलें, या प्रसंगाचा. कांहीं कामें अशीं असतात कीं, तीं एकदां केलीं काय आणि दहादां केलीं काय, परिणाम एकच. ‘दिवा लावून ठेव’ ही आज्ञा दोनदां मिळाली तरी दिवा लागलेलाच राहतो. परंतु ‘दिव्याची कळ दाब’ अशी आज्ञा दोनदां मिळाली, तर लागलेला दिवा विझतो. ‘खात्यांतून पांचशें रुपये वजा कर’ ही आज्ञा या दुसऱ्या जातीची आहे. ती दोनदां पाळली गेली तर हजार रुपये जातात. यावरचा उपाय हिशेबनिसांच्या जुन्या रीतीची आठवण करून देणारा आहे. प्रत्येक व्यवहाराला आरंभींच एक स्वतंत्र क्रमांक द्यावयाचा, आणि पुनःप्रयत्न करतांना तोच क्रमांक लिहावयाचा. दुसरीकडील यंत्र आपल्या वहींत पाहतें. त्या क्रमांकाचें काम झालेलें असेल तर तें पुन्हां पैसे न काढतां पहिलेंच उत्तर परत धाडतें. असा क्रमांक असला म्हणजे धोक्याचें कामहि निर्धास्तपणें पुन्हां सांगतां येतें.

भारतांतील शहरी कुटुंबांचा या साऱ्या विचाराशीं रोजचा संबंध येतो तो मोबाइलवरून पैसे देतांना. ‘यू.पी.आय.’ ही योजना चालविणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या संस्थेचें मुख्य कार्यालय मुंबईंत आहे, आणि ११ एप्रिल २०१६ रोजीं या योजनेचा आरंभहि मुंबईंतच झाला. १२ एप्रिल २०२५ रोजीं ही सेवा देशभर कांहीं तास विस्कळित झाली. ‘अमक्या व्यवहाराचें काय झालें?’ अशी चौकशी करणाऱ्या निरोपांचा कांहीं बँकांकडून लोंढा आला होता, आणि त्यांत जुन्या व्यवहारांच्या चौकशाहि होत्या, असें संस्थेनें केलेल्या विश्लेषणांत दिसून आलें. हवाईच्या गणिताचा आणि बर्कलीच्या त्या चारशें यार्डांचा धडाच येथें पुन्हां समोर आला. त्यानंतर संस्थेनें १ ऑगस्ट २०२५ पासून जे नियम लागू केले, त्यांत निकाल न लागलेल्या व्यवहाराची चौकशी मध्यें अंतर ठेवून फार तर तीनदां करावी, खात्यांतील शिल्लक एका ॲपमधून दिवसाला ५० वेळांहून अधिक पाहतां येऊं नये, आणि आपोआप वसूल होणाऱ्या हप्त्यासाठीं एक मूळ व तीन पुढचे, इतकेच प्रयत्न गर्दीच्या वेळा टाळून करावे, असे निर्बंध आहेत.

यंत्रांना घातलेले हे निर्बंध माणसालाहि कांहीं सांगतात. दुकानांत उभ्या असलेल्या गृहिणीनें पैसे पाठविले, खात्यांतून रक्कम वजा झाल्याचा निरोप आला, पण दुकानदाराला कांहींच मिळालें नाहीं, असा प्रसंग पुष्कळांवर येतो. मागें माणसें तिष्ठत असतात आणि बोट आपोआप पुन्हां त्याच कळीकडे जातें. येथें एक फरक ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. यंत्र जेव्हां आपण होऊन पुन्हां प्रयत्न करितें, तेव्हां जुनाच क्रमांक लिहितें, आणि पलीकडच्या वहींत तो ओळखला जातो. माणूस जेव्हां नव्यानें रक्कम घालून पैसे पाठवितो, तेव्हां त्याला नवा क्रमांक मिळतो. तो यंत्राच्या दृष्टीनें सर्वस्वीं नवा व्यवहार असतो. पहिला अडला होता म्हणून हा केला, हें त्याला कळण्यास कोणताहि मार्ग नाहीं. अशा वेळीं घाईनें दुसऱ्यांदा पैसे पाठविण्यापेक्षां थोडें थांबून पहिल्या व्यवहाराची स्थिति पाहणें, आणि निकड असल्यास ती रक्कम रोख देऊन पहिल्या क्रमांकाची नोंद ठेवणें, हें शहाणपणाचें ठरतें. रिझर्व्ह बँकेनें २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानें अशा अडलेल्या रकमा परत करण्याची मुदत ठरवून दिली. यू.पी.आय.वरून एका व्यक्तीनें दुसरीस पाठविलेली रक्कम पोंचली नाहीं, तर ती दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत जमा व्हावी, दुकानदारास दिलेल्या रकमेचा निकाल पांच दिवसांत लागावा, आणि त्याहून उशीर झाल्यास दर दिवसास शंभर रुपये भरपाई मिळावी, असें त्यांत म्हटलें आहे. खात्यांतून गेलेली रक्कम परत येण्याची वाट अशी आधींच आंखलेली असते. दुसऱ्यांदा पाठविलेली आणि दुकानदारास रीतसर मिळालेली रक्कम मात्र त्याच्याकडून मागूनच घ्यावी लागते.